राजापूरची जागा

राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ आता राहिलेला नाही. २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला आणि २००९ च्या निवडणुकीपासून आम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गचे मतदार झालो. कुणी सभा घेतली नाही, कुणी निषेध केला नाही. मला मात्र ते नाव गेल्याची हळहळ अजून वाटते. १९५७ ते १९८९ या काळात लोकसभेच्या आठ निवडणुका झाल्या आणि त्या आठ निवडणुकांत राजापूरने दोनच माणसांना दिल्लीला पाठवले. तीनदा बॅरिस्टर नाथ पै, पाचदा प्राध्यापक मधू दंडवते. दोघेही समाजवादी. दोघांच्याही मागे साखर कारखाना नाही, जिल्हा बँक नाही, दूध संघ नाही. कोकणात तेव्हा असले काही मोठे नव्हतेच म्हणा.

आठ विजयांपैकी तीन मला फार मोठे वाटतात. १९६२ साली महाराष्ट्रातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या. १९७१ साली इंदिरा गांधींच्या लाटेत ४५ पैकी ४२. १९८४ साली, त्यांच्या हत्येनंतर, ४८ पैकी ४३. या तिन्ही वेळा उरलेल्या मूठभर जागांत राजापूर होते. १९७१ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे साऱ्या देशातून दोन खासदार निवडून आले, त्यातला एक आमचा. १९८४ मध्ये जनता पक्षाला महाराष्ट्रात मिळालेली एकमेव जागा आमची. एखादी लाट चुकवणे हा योगायोग असू शकतो. तीन लाटा अंगावर घेऊन जागचे न हलणे हा स्वभाव झाला, आणि तो कुठून आला हे मला समजून घ्यायचे होते.

१९५७ ची निवडणूक तशी लाटेतलीच होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने कोकणात काँग्रेसचा पाया उखडला होता. उत्तरेकडच्या रत्नागिरी मतदारसंघातून त्याच वर्षी जनसंघाचे प्रेमजीभाई आशर निवडून आले, इतका तो राग मोठा होता. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत तेव्हा अजून रुळली नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याची खूण, आणि मतदाराने हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. प्रजा समाजवादी पक्षाची खूण झोपडी. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण झोपडीची पेटी तिला म्हातारपणापर्यंत आठवत होती. नाथ पैंना ती कधी खासदार म्हणाली नाही. ‘आमचो नाथ’ एवढेच म्हणायची, आणि ते म्हणताना आवाज घरातल्या माणसाबद्दल बोलताना असतो तसा व्हायचा.

वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेला हा माणूस बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेला, लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरला. त्यांच्या वक्तृत्वाबद्दल इतके बोलले गेले आहे की मी त्यात भर घालत नाही. त्यांनी संसदेत कशासाठी वेळ खर्च केला ते मला अधिक सांगावेसे वाटते. १९६७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निकाल दिला की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्याच वर्षी नाथ पैंनी खासगी विधेयक आणले. घटना बदलण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेकडेच असला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. ‘नाथ पै विधेयक’ म्हणून त्यावर देशभर वाद झाला. ते मंजूर झाले नाही. पण १९७१ साली चोविसावी घटनादुरुस्ती आली ती याच वाटेने. ते विधेयक बरोबर होते का, याबद्दल माझ्या मनात आजही किंतु आहे. चारच वर्षांनी आणीबाणी आली आणि संसदेतले बहुमत काय काय करू शकते ते साऱ्यांनी पाहिले. पण देवगडच्या आंबेवाल्याचे किंवा मालवणच्या रापणकराचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराचे, ज्यात काही अडलेले नव्हते, अशा प्रश्नावर त्यांचा खासदार देशाशी वाद घालत होता आणि मतदारांना त्याचा अभिमान होता. हे मला आज फार दुर्मीळ वाटते.

अभिमानाने मते मिळतात हे खरे, पण सलग आठ वेळा? माझे एक मत बनले आहे. ते पुस्तकातून आलेले नाही, घरातून आले आहे. राजापूर स्वतंत्र राहिले त्याचे कारण मनिऑर्डर.

त्या काळचे कोकण डोळ्यांपुढे आणा. रेल्वे नाही. रस्ते घाटावळणाचे आणि पावसाळ्यात बेभरवशाचे, खाड्यांवर पूल कमी, तरीतून पलीकडे जायचे. मुंबईला जायचे तर भाऊच्या धक्क्याची बोट. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे थांबे घेत ती जायची. भाताची खाचरे लहान, वर्षाला पुरेल इतके पिकायचे नाही. त्यामुळे प्रत्येक घरातला एक तरी पुरुष मुंबईला, गिरणीत, गोदीत नाहीतर कुणाच्या तरी पेढीवर. गावचे घर चालायचे ते त्याने पाठवलेल्या पैशावर. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताची सत्ता, तीही १९४९ च्या कायद्याने गेली होती. घाटावर साखर कारखान्याचा अध्यक्ष ऊस उचलणार की नाही यावर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते. तिथे त्याला विरोध करून मत देणे सोपे नाही. आमच्याकडे पोस्टमन पैसे आणायचा. गावचा पुढारी रागावला तर फार तर बोलणे बंद करील. चूल बंद पाडण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे नव्हते. गरिबी होती, पण ती कुणा स्थानिक माणसाच्या मुठीत नव्हती.

आणि मुंबईहून पैशांबरोबर विचारही यायचा. संप, युनियन, सेवा दल, वर्तमानपत्रे, शिवाजी पार्कवरच्या सभा हे सगळे चाकरमानी गणपतीला येताना बरोबर घेऊन यायचा. गावात त्याला धरून ठेवणारी माणसेही होती. हायस्कुलांतले मास्तर, वाचनालयांचे चिटणीस, राष्ट्र सेवा दलाची मुले. कणकवलीजवळ गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धनांचा आश्रम होता. साने गुरुजींना मानणारी एक अख्खी पिढी होती. पैसा नसलेल्या पक्षाची निवडणूक या लोकांनी चालवली.

१७ जानेवारी हा बेळगावचा हुतात्मा दिन. १९७१ साली त्या दिवशीच्या कार्यक्रमाला नाथ पै बेळगावला गेले होते. हृदयविकार आधीपासून होता. १८ जानेवारीला त्यांचे तिथेच निधन झाले. वय ४८. लोकसभा आधीच बरखास्त झाली होती, निवडणूक दीड-दोन महिन्यांवर आलेली. पक्षाने मधू दंडवत्यांना उभे केले.

दंडवते नगरचे. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. मालवणी त्यांची बोली नव्हती, इथे त्यांची भावकी नव्हती, जातीचे गणितही नव्हते. आज कुठल्याही पक्षाच्या बैठकीत असे नाव कुणी सुचवले तर त्यावर दोन मिनिटेही चर्चा होणार नाही. नाथ गेल्याच्या दुःखाने त्यांना पहिली निवडणूक जिंकून दिली, हे मान्य करू. पण पुढच्या चार? १९७७ मध्ये ते निवडून आले तेव्हा मतदारांनी त्यांना जवळजवळ दीड वर्षाच्या तुरुंगवासानंतर पाहिले होते. आणीबाणी जाहीर झाली त्या वेळी ते संसदीय समितीच्या कामासाठी बेंगळुरूला होते. वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि ते, चौघांनाही तिथेच अटक झाली. पत्नी प्रमिला दंडवते येरवड्यात, हे बेंगळुरूच्या तुरुंगात. दोघांचा संसार पत्रांतून चालला. परका प्राध्यापक आमचा झाला तो बहुधा याच दिवसांत.

मग ते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या कारकिर्दीत. वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस मुंबई-हावडा मार्गावर १९७७ च्या डिसेंबरात सुरू झाली. भारतातला सामान्य माणूस रात्रीचा प्रवास पाठ टेकून करू शकतो त्याचे मोठे श्रेय राजापूरच्या खासदाराचे आहे. हे मी मुलांना सांगतो, आणि सांगताना मला आनंद होतो. त्या वेळी राजापूर मतदारसंघात रेल्वेचा रूळ मात्र एक फूटही नव्हता.

कोकण रेल्वे हा आमच्याकडे एका पिढीने दुसरीच्या हाती दिलेला ध्यास होता. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचले. नाथ पैंनी ती मागणी संसदेत लावून धरली. दंडवते मंत्री झाल्यावर मार्ग रोह्याच्या दिशेने सरकू लागला. पण खरी संधी आली ती १९८९ मध्ये. विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. एका खिशात पैसे, दुसऱ्या हातात रूळ, आणि दोघेही जुने समाजवादी सोबती. अंदाजपत्रकातून एवढा पैसा निघणार नाही हे उघड होते. म्हणून वेगळे महामंडळ काढायचे, केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६ टक्के भागभांडवल घ्यायचे आणि उरलेला पैसा रोख्यांतून उभा करायचा असे ठरले. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन प्रमुख झाले. नोव्हेंबरात सरकार पडले, पण काम थांबले नाही.

आणि १९९१ च्या निवडणुकीत दंडवते राजापुरात हरले.

काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. ही गोष्ट सांगितली की बाहेरची माणसे पटकन म्हणतात, काय कृतघ्न लोक! मला हा शब्द लागतो. ज्या मतदारांनी या माणसाला पाचदा, एकदा तर साऱ्या महाराष्ट्राच्या विरोधात, निवडून दिले त्यांना एका पराभवावरून कृतघ्न ठरवणे अन्यायाचे आहे. राजीव गांधींच्या हत्येचे सावट त्या निवडणुकीवर होते, काँग्रेसने राज्यात ४८ पैकी ३८ जागा जिंकल्या, हे एक कारण. पण अशा लाटा राजापूरने आधी परतवल्या होत्या. या वेळी परतवता आली नाही, कारण मनिऑर्डर पाठवणारे टोक बदलले होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि त्यात आमच्या दोन जिल्ह्यांतली माणसे किती हे मोजायला नको. लालबाग-परळच्या कुठल्याही चाळीतली आडनावे वाचली तरी पुरते. संप संपला असे कुणी कधी जाहीर केले नाही. माणसे हळूहळू गावी परतली, रखवालदार झाली, वडापावच्या गाडीवर उभी राहिली. आमच्या घरातही एक काका असे परतले. ट्रंक ओटीवर ठेवली आणि बरेच दिवस कुणाशी बोलले नाहीत. युनियनचे वजन गेले, आणि त्याबरोबर समाजवाद्यांच्या पायाखालची वाळू गेली. त्या चाळींत जो जागा शिल्लक राहिला तो शिवसेनेचा शाखाप्रमुख. इस्पितळात खाट मिळवून देणे, रेशनकार्ड, नळाचे भांडण, पोराची नोकरी, सगळ्यासाठी शाखा. चाकरमानी आता गणपतीला आला तो भगवा घेऊन. १९९० च्या विधानसभेला मालवणातून शिवसेनेचे नारायण राणे निवडून आले तेव्हाच हे दिसायला हवे होते. समाजवाद्यांकडे तोवर आदरणीय वडीलधारी माणसे उरली होती. वीस-बावीस वर्षांची पोरे दुसरीकडे होती.

राजापूरचे मत नेहमीच निम्मे मुंबईत घडत होते. मुंबईने नाथ पैंना बळ दिले आणि मुंबईनेच दंडवत्यांना हरवले, असे मी आता म्हणतो.

दंडवते पुढे १९९६ ते ९८ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रत्नागिरीजवळ पानवलचा उंच पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. नोव्हेंबर २००५ मध्ये दंडवते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान झाले.

१९९६ पासून चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. चार्टर्ड अकाउंटंट, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले, मोजके बोलणारे. शाखेच्या मुशीतून न आलेला माणूस शाखेच्या बळावर निवडून येत राहिला. वाजपेयींच्या सरकारात ऊर्जामंत्री म्हणून त्यांचे नाव चांगले झाले. २००२ मध्ये पक्षप्रमुखांच्या आदेशावरून त्यांनी ते पद सोडले. माझ्या मते राजापूरची जुनी कल्पना तिथे संपली. आमचा खासदार संसदेत काय म्हणतो यापेक्षा तो कुणाचा आहे हे महत्त्वाचे झाले. प्रभू पुढे २०१४ ला रेल्वेमंत्री झाले, पण ते राज्यसभेतून. आमच्याकडून ते २००९ लाच हरले होते.

२००९ ला मतदारसंघ नवा झाला: चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. जुन्या रत्नागिरीचा एक तुकडा आम्हाला जोडला, दापोली-गुहागर रायगडला गेले. तेव्हापासूनच्या चारही निवडणुकांत राणे घराणे रिंगणात आहे. २००९ ला काँग्रेसकडून निलेश राणे जिंकले. २०१४ ला काँग्रेसकडूनच आणि २०१९ ला महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाकडून ते शिवसेनेच्या विनायक राऊतांकडून हरले. २०२४ ला भाजपकडून नारायण राणे ४७,८५८ मतांनी जिंकले आणि इथून पहिल्यांदा कमळ निवडून आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही विधानसभा क्षेत्रांत राऊत पुढे होते, सिंधुदुर्गातल्या तिन्हींत राणे. दोन जिल्ह्यांची शिवण मतमोजणीत स्पष्ट दिसली.

या पंधरा वर्षांत इथल्या निवडणुकीचा विषय जमीन झाला. जैतापूरचा अणुप्रकल्प, त्यावरून एप्रिल २०११ मध्ये साखरीनाट्याला झालेला गोळीबार आणि त्यात गेलेला एक जीव. नाणारची रिफायनरी, जिचे भूसंपादन २०१९ च्या लोकसभेच्या तोंडावर रद्द झाले. मग २०२३ ला रिफायनरीच्या नव्या जागेसाठी बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षण, तळपत्या उन्हात झोपून राहिलेल्या बायका, पोलीस. त्याच बारसूची कातळशिल्पे वर्षभर आधी युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली होती. यातल्या प्रत्येक प्रकल्पाबद्दल दोन मते असू शकतात, माझ्या घरातच आहेत. पण नाथ पै असते तर त्यांनी अणुऊर्जेवर, किनाऱ्यावर, भूसंपादनाच्या कायद्यावर देशाला ऐकायला लावणारे भाषण केले असते, आणि आम्ही त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध भांडलो असतो. आता उमेदवाराला विचारतात: रस्त्याचे काम कुणाला मिळाले, जेटी कुणाची, चिरेखाण कुणाची. मनिऑर्डर संपली. पैसा गावातच फिरू लागला हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर तो हातात असलेली गावची माणसेही आली, आणि त्यांना नाराज करून मत देणे आता घाटावरच्याइतकेच अवघड आहे.

मनिऑर्डरच्या कागदावर सही किंवा अंगठा बाईचा असायचा. पुरुष मुंबईला, मतदान गावाला. नाथ पै आणि दंडवते यांना दिल्लीला पाठवणाऱ्या हातांत बायकांचे हात अधिक होते, हे मी छातीठोकपणे म्हणतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. बारसूच्या सड्यावर आधी पोचल्या त्याही बायकाच. आणि तरी १९५७ पासून राजापूरने, नंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गने, एकाही बाईला लोकसभेत पाठवलेले नाही. शेजारच्या रत्नागिरीने १९६२ आणि १९६७ ला शारदा मुखर्जींना निवडून दिले होते. प्रमिला दंडवते १९८० ला खासदार झाल्या, पण मुंबई उत्तर मध्यमधून. २०२३ मध्ये संसदेने एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारी घटनादुरुस्ती केली. जनगणना आणि पुनर्रचना झाल्यावर ती लागू व्हायची आहे. पुनर्रचनेने एकदा आमचे नाव नेले. या खेपेला नाव नाही परत मिळाले तरी चालेल, पण त्या राखीव जागांच्या पहिल्या यादीत आमची जागा असावी, आणि नसली तरी कुठल्या तरी पक्षाने इथल्या बाईला उमेदवारी द्यावी, असे मला मनापासून वाटते.